वीनो, माडी आणि वंशवेल

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणातल्या कोलाडकडे येताना 'अमुक वाइन्स' अशी पाटी हमखास दिसते. महाराष्ट्रात ती कुठे नाही? आत फळ्यांवर रम, व्हिस्की, बिअर भरलेली असते आणि द्राक्षांची खरी वाइन असलीच तर एखाद्या कोपऱ्यात. तरी पाटीवर मान तिचाच. 'वाइन शॉप' म्हणजे बाटलीबंद दारू विकत मिळण्याचे दुकान, 'बार' म्हणजे बसून पिण्याची जागा, आणि 'परमिट रूम' हा तर थेट कायद्यातून जन्मलेला शब्द. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू पिणाऱ्याला परवाना लागू लागला, परवानाधारकांनी बसायची खोली ती परमिट रूम. परवाना कोणी विचारो न विचारो, पाटीवरचा शब्द टिकून आहे.

२०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यायचे ठरवले, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' यावरून राज्यभर वाद पेटला. द्राक्ष बागायतदारांच्या बाजूने बोलणारे म्हणत, हे फळाच्या रसाचे पेय. विरोधक म्हणत, नशा ती नशा. मला त्या वादात भाषेची अडचण सर्वांत मोठी वाटली. ज्या मुलखात सगळ्या दारूच्या दुकानाला 'वाइन्स' म्हणतात, तिथे वाइन दारूहून वेगळी आहे हे माणसाला कोणत्या शब्दात सांगायचे?

द्राक्षबागांची जुनी परंपरा असलेल्या सर्बियात ही अडचण नाही. तिथे द्राक्षाच्या मद्याला 'वीनो' म्हणतात आणि फळांपासून गाळलेल्या कडक दारूला 'राकिया'. दोन पदार्थ, दोन नावे, दोघांचे रस्तेही वेगळे. 'वीनो' लॅटिन 'विनुम'वरून आला. बेलग्रेडच्या वायव्येला फ्रुश्का गोरा नावाची डोंगररांग आहे. तिसऱ्या शतकातल्या प्रोबुस या रोमन बादशहाने तिथे द्राक्षवेली लावल्या असे परंपरा सांगते. प्रोबुसचा जन्मही त्याच टापूतल्या सिर्मियमचा. आज त्या उतारांवर, आणि नेगोतिन, झुपा, शुमादिया या भागांत, घरातल्याच माणसांनी चालवलेले वाइनचे कारखाने आहेत. बाटलीवर बहुधा घराण्याचे आडनाव असते. फ्रुश्का गोराच्या इरिग गावातली वाइन 'कोवाचेविच' घराण्याची, टोपोलाजवळच्या विंचा गावातली 'अलेक्सांद्रोविच' घराण्याची. 'कोवाच' म्हणजे लोहार, 'कोवाचेविच' म्हणजे लोहाराचा मुलगा. आपण आडनावात गाव सांगतो, पेणकर, चौलकर; तिकडे बाप सांगतात.

लॅटिन 'विनुम'च्या मागे काय, हे नक्की झालेले नाही. ग्रीक 'ओइनोस', जॉर्जियातला 'ग्विनो', हिब्रू 'यायिन' हे सगळे एका कुळातले दिसतात आणि मूळ कॉकेशसच्या आसपासचे असावे असे बरेच अभ्यासक मानतात. संस्कृतात मात्र तो शब्द नाही. आपल्याकडे तो समुद्रावरून आला, आणि गंमत अशी की कोलाडच्याच नदीच्या मुखाशी आला. कोलाडवरून वाहणारी कुंडलिका रोह्याला वळसा घालून रेवदंड्याच्या खाडीत उतरते. शेजारचे चौल हे फार जुने बंदर; पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख 'सेमिल्ला' म्हणून येतो असे मानतात. त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची आणि अरबस्तानची वाइन आहे. पुढे १५२१च्या सुमारास पोर्तुगीज चौल-रेवदंड्याला ठाण मांडून बसले ते १७४० पर्यंत. त्यांचा 'विन्यो' म्हणजे सर्बियाच्या 'वीनो'चा सख्खा चुलत भाऊ. खाडीच्या पलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजही घरात बोलली जाते. तरीही 'विन्यो' मराठीत रुजला नाही. पाव रुजला, काजू रुजला, बटाटा रुजला, पण वाइनसाठी आपण इंग्रजांची वाट पाहिली. कारण साधे आहे. काजू आणि बटाटा इथल्या मातीत उगवले. द्राक्ष कोकणात उगवत नाही. मृगापासून हस्तापर्यंत धो धो कोसळणाऱ्या पावसात ही वेल कुजते. शब्दाला जमीन मिळाली नाही.

कोकणाला जमीन होती ती ताडामाडांची. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. तीन झाडे, तीन पेये, आणि झाडाचे नाव हेच पेयाचे नाव किंवा त्याला लागलेला एक ईकार. माडी काढणारा माणूस माडावर चढतो तो न उमललेल्या पोईपाशी. पोय दोरीने आवळून बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, तिचे टोक कोयत्याने पातळ कापायचे आणि खाली मडके अडकवायचे. रोज थोडे कापले की रोज थोडा रस गळतो. पहाटे उतरवला तर गोड, ती नीरा. ऊन वर चढले की तोच रस आंबू लागतो, फेसाळतो, आणि दुपारपर्यंत माडी झालेली असते. यीस्ट बाहेरून घालावे लागत नाही, हवेतले आणि मडक्यातले पुरते. द्राक्षाच्या सालीवरचे यीस्ट घेऊन सर्बियन शेतकरी पूर्वी जे करीत, तेच इथे झाडाच्या शेंड्यावर होते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे ते भंडारी. या नावाची व्युत्पत्ती कोणी 'भांडार'वरून लावतात, कोणी दारू गाळणारा या अर्थाच्या 'मंधारक' या संस्कृत शब्दावरून.

आपला 'ताडी' हा शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्याचा 'टॉडी' केला. पुढे स्कॉटलंडात गरम पाणी, साखर आणि व्हिस्की यांच्या मिश्रणालाही टॉडी म्हणू लागले. म्हणजे 'वाइन' हा शब्द इकडे येण्याच्या आधी 'ताडी' तिकडे गेली होती. या देवघेवीत आपली बाजू रिकामी नव्हती, हे ठळकपणे सांगावेसे वाटते, कारण मद्याच्या बाबतीत आपण नेहमी घेणारेच होतो असा एक समज आहे.

ताडामाडांवर सरकारची नजर जुनी. मुंबई इलाख्यात १८७८चा आबकारी कायदा आला, झाडांवरचे कर वाढले आणि माडी काढणाऱ्यांचे कंबरडे मोडले. 'आबकारी' हा शब्द फारसी. आब म्हणजे पाणी, कार म्हणजे काम; पाण्याचे काम ते आबकारी. सरकारला कर देणारे पाणी कोणते, हे सांगायला नकोच. आज त्या खात्याचे नाव 'राज्य उत्पादन शुल्क'. त्यातून पाणीही गेले आणि दारूही, नुसते शुल्क उरले. 'गुत्ता' या शब्दाची वाट उलटी. तेलुगू-कन्नडमधून आलेला हा शब्द मुळात मक्त्याचा, कंत्राटाचा. मराठवाड्यात रस्त्याचे काम घेणाऱ्यालाही 'गुत्तेदार' म्हणतात. पण सरकार दारूचा मक्ता देत असे म्हणून 'दारूचा गुत्ता' झाला आणि पुढे 'दारूचा' न म्हणताही कळू लागले.

'दारू'ची कथा याहून लांब पल्ल्याची. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ मराठीत अजून जिवंत आहे; आजाऱ्याची दवादारू करतो तेव्हा कोणी बाटली आठवत नाही. मग बंदुकीची दारू आली, दारूगोळा आला, लग्नाच्या वरातीतली शोभेची दारू आली. कुटून, मिसळून, पेटणारे जे केले ते दारू. 'शराब' अरबी, मुळात नुसते 'पेय'. त्याच धातूतून 'सरबत'ही आले. आणि अरबीतला 'अरक', म्हणजे घाम, गाळण्याच्या भांड्याला आतून सुटणारे थेंब. तो तुर्कीत 'राकी' झाला, तुर्कांबरोबर बाल्कनात गेला आणि सर्बियात 'राकिया' होऊन बसला. तोच इकडे गोव्यात काजूच्या पहिल्या धारेचा 'उर्राक' झाला, आणि मराठीत ओव्याचा, गुलाबाचा 'अर्क' झाला. सर्बियातल्या शेतकऱ्याच्या घरची प्लमची राकिया आणि आपल्या आजीच्या फडताळातला ओवा-अर्क यांचे नाव एकच आहे. (संस्कृत 'अर्क', म्हणजे सूर्य किंवा रुई, हा शब्द निराळा.)

इथवरचे सगळे शब्द व्यापाराबरोबर, राज्याबरोबर, कायद्याबरोबर आलेले. त्यांच्या खाली एक जुना थर आहे. सर्बियनमध्ये मधाला 'मेद' म्हणतात. संस्कृत 'मधु', मराठी 'मध' तोच. अस्वलाला ते 'मेद्वेद' म्हणतात, म्हणजे मध खाणारा. मधापासून केलेले मद्य ते 'मेदोविना'. मात्र आपल्या 'मद्य' शब्दात मध नाही. तो 'मद्' धातूचा, चढणे, माजणे या अर्थाचा. 'मधु' आणि 'मद' कानाला इतके जवळचे की कवींनी त्यांची सतत जोडी लावली, पण घराणी वेगळी.

'मधु' आपल्याकडे लपला आहे तो भलत्याच ठिकाणी. कोलाडच्या आसपासच्या डोंगरात कातकरी आणि ठाकर वाड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे मोहाची फुले वेचतात. हा 'मोह' संस्कृतातला भ्रमवाचक मोह नव्हे. झाडाचे संस्कृत नाव 'मधूक', प्राकृतात 'महुअ', त्याचा मराठीत 'मोह', हिंदीत 'महुआ'. फूल गोड, मांसल, रसाने भरलेले, म्हणून नाव मधावरून. त्याच फुलांच्या दारूने मोह पडतो असे म्हणत कित्येकांनी त्या आदिवासी समाजांना बोल लावला आहे. झाडाच्या नावाला त्याची साक्ष नाही.

आता द्राक्ष. कोकणात नसले तरी देशात होते आणि शास्त्रात तर फार पूर्वीपासून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्यांचे प्रकार दिले आहेत: मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु. त्यातल्या 'मधु'ची व्याख्या मृद्वीकेचा म्हणजे द्राक्षाचा रस अशी आहे, आणि त्याच्या मुलखावरून त्याला कापिशायन आणि हारहूरक अशी नावे आहेत. कापिशी म्हणजे आजच्या काबूलजवळचा प्रदेश. पाणिनीने 'कापिशायन' हे रूप साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. ज्या गावची वाइन त्या गावाचे नाव, ही पद्धत फ्रान्सने शोधली असे आपण समजतो. इथे व्याकरणकाराला तिची दखल घ्यावी लागली होती. सर्बियातला 'प्रोकुपात्स' हा काळ्या द्राक्षाचा वाण प्रोकुप्लिये या गावाचे नाव असाच सांगतो. आणि २०२२च्या वादालाही इथे आधार सापडतो. कौटिल्याने द्राक्षाचे मधु धान्याच्या मद्यांपासून वेगळे ओळखले, पण नेमले त्याच अध्यक्षाच्या हाताखाली.

त्या यादीतले दोन शब्द अजून आपल्या औषधाच्या कपाटात आहेत, द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट. ढोबळमानाने, औषधे उकळून काढा करून मग आंबवले तर अरिष्ट, न उकळता आंबवले तर आसव. 'अरिष्ट' म्हणजे मुळात ज्याला इजा झाली नाही ते, सुखरूप. तोच शब्द पुढे अपशकुनाकडे झुकला, आणि आज मराठीत अरिष्ट कोसळते. दशमूलारिष्टाची बाटली आणि गावावरचे अरिष्ट यांत एकच शब्द आहे, हे बाळंतिणीला पाजताना कोणाच्या ध्यानातही येत नाही. मराठी बायबलकारांनी वाइनसाठी 'द्राक्षारस' पत्करला, तो शब्द मला फार आवडतो. काना गावच्या लग्नातले पाणी मराठीत द्राक्षारस झाले. पण तो देवळातच राहिला, बाजारात उतरला नाही.

बाजारात वाळवलेल्या द्राक्षाला तर पूर्ण परकी नावे आहेत. बेदाणा म्हणजे फारसी 'बे-दाना', बिनबियांचा. मनुका अरबी 'मुनक्का'वरून, म्हणजे निवडून साफ केलेला. तासगावच्या बेदाणा सौद्यात ज्याचा पुकारा होतो, त्या शब्दाचा अर्थ 'बी नाही' एवढाच आहे.

वाणांच्या नावांत मला सर्वांत जवळचे वाटते ते सर्बियाचे 'ताम्यानिका'. हा 'मस्कट' जातीचा सुवासिक द्राक्षवाण. 'ताम्यान' म्हणजे धूप, ऊद. दाण्याला उदासारखा वास म्हणून ताम्यानिका. कोलाडकराला हे समजावून सांगायला नको. घाटमाथ्यावर मुळशीला आंबेमोहर पिकतो. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत येते आणि त्याच पाण्यावर इथे राफ्टिंगच्या होड्या चालतात. मुळशीत तांदळाला आंब्याच्या मोहराचा वास, सर्बियात द्राक्षाला धुपाचा.

शेतीच्या कामाची भाषा मात्र हवामान ठरवते. सर्बियात हिवाळ्यात वेल झोपते. फेब्रुवारीच्या १४ तारखेला संत त्रिफुनच्या दिवशी छाटणीचा विधी करतात, शरद ऋतूत 'बेर्बा', म्हणजे तोडणी. 'बेर्बा' ज्या धातूचा तो संस्कृत 'भृ', आपला 'भार' आणि 'भरणे'. आपल्याकडे वेलीला झोप नाही, म्हणून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी बहाराची. घड हाती येतात ते जानेवारी ते मार्चमध्ये. नाशिकच्या बागायतदाराला विचारा, त्याचे वर्ष चैत्र-वैशाखाने नव्हे, या दोन छाटण्यांनी मोजलेले असते.

आणि वेल. सर्बियनमध्ये द्राक्षवेलीला 'लोझा' म्हणतात, आणि घराण्यालाही 'लोझा'च. नेमान्यिच या सर्बियन राजघराण्याचा वंशवृक्ष १४व्या शतकात ग्राचानित्सा आणि देचानी या मठांच्या भिंतींवर रंगवला आहे, तो 'लोझा नेमान्यिचा' म्हणून ओळखतात. बुडाशी मूळपुरुष स्तेफान नेमान्या, आणि त्याच्यापासून वर चढत गेलेल्या वेलीच्या विळख्यांत एकेक वंशज. नेमान्या उतारवयात साधू झाला. आथोस पर्वतावरच्या हिलांदार मठात त्याच्या समाधीतून उगवलेली मानतात अशी एक द्राक्षवेल आहे, आणि मूल नसलेली जोडपी तिची द्राक्षे श्रद्धेने मागतात. मराठीत याला एक तयार शब्द आहे: वंशवेल. सर्बियनने वेल एकदा घेतली, आपण दोन वनस्पती एकत्र गुंफल्या. कारण 'वंश' म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर चढत जाणारा बांबू आणि मांडवावर जाणारी वेल, दोन्ही मिळून घराणे.

या वेलीवरची नाती पाहिली की दोन भाषांतले अंतर जवळजवळ मिटते. सर्बियन घरात मुलाच्या बायकोला 'स्नाहा' म्हणतात; संस्कृत 'स्नुषा', मराठी 'सून'. नवऱ्याच्या आईला 'स्वेक्र्वा', बापाला 'स्वेकर'; संस्कृत 'श्वश्रू' आणि 'श्वशुर', मराठी सासू आणि सासरा. नवऱ्याचा भाऊ 'देवेर', आपला दीर. दिराची बायको 'येत्र्वा', संस्कृत 'यातृ', आपली जाऊ! इंग्रजीत या नात्याला स्वतंत्र शब्दच नाही. इंग्रजीतून आलेल्या वाइनबरोबर जावेचे नाते येऊ शकले नसते, आणि सर्बियन द्राक्षबागेत मात्र ते आधीच हजर आहे. नणंद तेवढी जुळत नाही. तिला ते 'झाओवा' म्हणतात, आपली 'ननान्दृ' वेगळी.

आपल्याकडच्या वाइनच्या बाटल्यांवरही ही नाती आहेत, फक्त झाकलेली. नाशिकच्या 'सुला'चे नाव राजीव सामंतांनी आपल्या आईच्या, सुलभाच्या, नावावरून ठेवले. अकलूजच्या 'फ्रातेल्ली'मध्ये इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इथले मोहिते-पाटील बंधू एकत्र आले, म्हणून इटालियनमधला 'भाऊ'चा अनेकवचनी शब्द त्यांनी घेतला. 'फ्रातेल्लो', सर्बियन 'ब्रात', संस्कृत 'भ्रातृ', मराठी 'भाऊ', सगळे एकच. अकलूजच्या माणसाला 'फ्रातेल्ली' परका वाटतो, पण त्याच्या घरात तो शब्द रोज हाक मारताना वापरात आहे.

सर्बियात प्रत्येक घराण्याचा एक रक्षक संत असतो. बापाकडून मुलाकडे येणारा त्याचा उत्सव म्हणजे 'स्लावा', आपल्या कुलदैवताच्या उत्सवाच्या जवळचा. २०१४ साली युनेस्कोने त्याची नोंद आपल्या वारसा यादीत केली. घरी केलेल्या मोठ्या पावाला छेद देऊन त्यावर वाइन ओततात. 'स्लावा' म्हणजे कीर्ती, संस्कृत 'श्रवस्', ऐकू येणे या अर्थाच्या 'श्रु' धातूचा. आणि पेले भिडवताना सर्बियन माणूस म्हणतो 'झीवेली', म्हणजे जगत राहू या. यातला 'झीव' आणि आपला 'जीव' एकच, आणि लग्नपत्रिकेत वराच्या नावाआधी छापलेला 'चि.', म्हणजे चिरंजीव, त्याच धातूचा.